घरी गेल्यानंतरचे तीन आठवडे: कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळी टाळण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हडपसरला राहणाऱ्या ६२ वर्षांच्या एका काकूंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत. वैद्यकीय निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. मी फिजिशियन म्हणून या उपचारात होतो. रक्ताच्या गुठळीचा धोका किती आणि तो कसा कमी करायचा, एवढं पाहण्यासाठी सर्जननी मला बोलावलं होतं.

काकूंना अंडाशयाचा कर्करोग होता. निदान झालं तेव्हा पोटात पाणी साठलं होतं, म्हणून आधी केमोथेरपीचे तीन डोस आणि मग शस्त्रक्रिया असं ठरलं. केमोसाठी छातीत पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडण्याची त्वचेखालची डबी-नळी, बसवलं होतं. वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. डाव्या पायाच्या शिरा बऱ्याच वर्षांपासून फुगलेल्या. मूत्रपिंडाचं काम ठीक होतं, प्लेटलेट्स पुरेशा होत्या. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे केमोनंतर अपेक्षित तेवढं कमी.

घर वारकऱ्यांचं. काका-काकू दोघंही माळकरी. मुलगा चाकणला नोकरीला, पहाटे निघून रात्री परतणारा. सून घरी शिवणकाम करते. पुढे ज्या गोष्टी घडल्या त्यात या सुनेचा वाटा मोठा आहे.

धोका कुठे होता

अशा शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं आजही शिकवली जातात: रक्तप्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. काकूंच्या बाबतीत तिन्ही हजर होती. पाच-सहा तास ऑपरेशन टेबलावर निश्चल पडणं, ओटीपोटातल्या मोठ्या शिरांजवळची काटछाट, आणि कर्करोगाच्या पेशींमुळे गोठायला टपलेलं रक्त.

धोका मोजण्यासाठी आम्ही कॅप्रिनी गुणपद्धत वापरतो. वय ६१ ते ७४ याचे २, मोठ्या शस्त्रक्रियेचे २, कर्करोगाचे २, पोर्टचे २, वाढलेल्या वजनाचा १, फुगलेल्या शिरांचा १. एकूण १०. पाच किंवा त्याहून जास्त झाले की धोका जास्त समजतात, त्यामुळे औषध द्यायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो केव्हा, कोणतं आणि किती दिवस.

‘आपल्याकडे गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार’ असं अजूनही कानावर येतं. डॉक्टरांकडूनही येतं. ३२ देशांत झालेल्या एंडॉर्स या पाहणीत भारतातल्या रुग्णालयांमधले निम्म्याहून अधिक रुग्ण धोक्याच्या गटात सापडले होते आणि त्यांतल्या जेमतेम १७ टक्क्यांना योग्य प्रतिबंधक उपचार मिळत होता. आजार दिसत नाही, कारण आपण तो शोधत नाही. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी घरी अचानक गेलेल्या माणसाला ‘हार्ट ॲटॅक आला’ असं म्हणून नातेवाईक रडतात, आणि तिथेच विषय संपतो.

विसावा दिवस म्हटलं, त्याला कारण आहे. इटलीत सुमारे २,३७० कर्करोग रुग्णांच्या शस्त्रक्रियांवर लक्ष ठेवणाऱ्या ॲरिस्टोस या अभ्यासात एकूण गुठळ्यांपैकी ४० टक्के २१ दिवस उलटून गेल्यावर झाल्या होत्या, आणि महिनाभरातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण गुठळी हेच होतं. ब्रिटनमधल्या लाखो स्त्रियांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरचा धोका तिसऱ्या आठवड्यात शिगेला पोचलेला दिसला. तिसऱ्या आठवड्यात रुग्ण आमच्या वॉर्डात नसतो. तो आपल्या घरी असतो आणि घरचे म्हणत असतात, आता सुटलो बुवा.

समोर असलेले पर्याय

पायांना हवेच्या दाबाने आवळणारं मशीन लावायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्याने रक्तस्राव वाढत नाही. पण एवढ्या धोक्याला नुसतं मशीन पुरत नाही, औषध लागतंच. काकांनी विचारलं, ‘रोजची ॲस्पिरिनची गोळी नाही का चालणार? आमच्या भावाला हार्टसाठी चालू आहे.’ प्रश्न रास्त होता, पण पोटाच्या कर्करोग शस्त्रक्रियेनंतर एकट्या ॲस्पिरिनवर विसंबता येत नाही.

मुख्य पर्याय एनॉक्सापॅरिनचा, म्हणजे वॉर्डात ज्याला सगळे ‘पोटातलं इंजेक्शन’ म्हणतात त्याचा. रोज एकदा ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली. इथे एक गोष्ट सांगणं मला आवश्यक वाटलं, आणि बहुतेक ठिकाणी ती सांगितली जात नाही. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. माळकरी घराला हे नंतर कुणा ओळखीच्या केमिस्टकडून कळलं असतं तर त्यांचा आमच्यावरचा विश्वास गेला असता, आणि त्याबरोबर इंजेक्शनही बंद झालं असतं.

फोंडापॅरिनक्स हा प्रयोगशाळेत तयार होणारा, प्राण्यांशी संबंध नसलेला पर्याय आहे. पण त्याचा परिणाम शरीरात फार वेळ टिकतो, रक्तस्राव झालाच तर तो उतरवण्यासाठी खास उतारा नाही, आणि काकूंच्या पाठीत वेदनाशमनासाठी एपिड्युरलची नळी राहणार होती. मणक्यात रक्त साठलं तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञांना कमी वेळ टिकणारं औषध हवं होतं. तिसरा पर्याय एपिक्साबॅनच्या गोळ्यांचा. स्त्रीरोगविषयक कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर २८ दिवस दिवसातून दोनदा अडीच मिलिग्रॅम, असा ४०० स्त्रियांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तस्रावाचं प्रमाण इंजेक्शनसारखंच राहिलं आणि रुग्णांना गोळी सोपी वाटली. मात्र पहिल्या दिवसांत तोंडाने काही जात नसताना गोळीचा उपयोग नाही.

हे सगळं आम्ही काका, काकू आणि सून यांच्यापुढे मराठीत, घाई न करता मांडलं. काका गप्प झाले. काकूच म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्ही आधी सांगितलंत हे बरं केलंत. जिवासाठी घ्यायचं औषध आहे, मी घेईन. पण घरी गेल्यावर दुसरं काही निघत असेल तर ते बघा.’ संमतीपत्रावर सही होण्याआधी झालेलं हे बोलणं मी फाइलमध्ये लिहून ठेवलं.

रुग्णालयात काय केलं

भूल देण्याआधीच पायांना मशीन लावलं. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, पोटातला चरबीचा पडदा आणि संशयास्पद गाठी काढल्या. आतड्याला हात लावावा लागला नाही.

पहिला खरा पेच त्याच रात्री आला. एपिड्युरल घालून बारा तास झाले की, म्हणजे रात्री आठला, पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. सात वाजता ड्रेनच्या, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीत ३०० मिलिलिटर लालसर द्रव जमला होता. सर्जन म्हणाले, आज इंजेक्शन नको. माझ्या डोळ्यांसमोर ते दहा गुण होते. वाद घालण्यापेक्षा आकडे बघायचं ठरलं: नाडी, रक्तदाब, दोन वेळा हिमोग्लोबिन, दर दोन तासांनी ड्रेन. मशीन रात्रभर चालू. पहाटेपर्यंत ड्रेन फिकट झाला आणि हिमोग्लोबिन ८.९ वर स्थिर राहिलं. सकाळी दहाला पहिला डोस दिला. चौदा तास उशीर झाला, पण तो मोजून-मापून घेतलेला उशीर होता. ‘आज नको, उद्या बघू’ म्हणत तीन दिवस निघून जातात, तसं झालं नाही, कारण पुन्हा कधी ठरवायचं ती वेळ आम्ही आधीच लिहिली होती.

एपिड्युरलची नळी तिसऱ्या दिवशी निघाली. शेवटच्या डोसनंतर किमान बारा तासांनी नळी काढायची आणि काढल्यावर पुढचा डोस किमान चार तासांनी द्यायचा, हा नियम पाळण्यासाठी त्या दिवशीचं सकाळचं इंजेक्शन दुपारी दिलं.

चालवणं सर्वांत अवघड गेलं, आणि अडथळा काकूंचा नव्हता. भेटायला येणारी प्रत्येक मावशी, नणंद, शेजारीण सांगायची, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, पडून राहा गं.’ फिजिओथेरपिस्ट चालवून जायची आणि मागून नातेवाईक पांघरूण घालायचे. शेवटी वॉर्डच्या सिस्टरनी सुनेलाच हाताशी धरलं. दिवसातून सहा वेळा कॉरिडॉरची फेरी, खाटेवर असताना दर तासाला पावलं वर-खाली, तहान नसली तरी पाणी. त्याच सिस्टरनी तिला इंजेक्शन शिकवलं: टाक्यांपासून आणि बेंबीपासून लांब, पोटाच्या कडेला चिमटीत त्वचा धरायची, सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही, रोज बाजू बदलायची. सातव्या दिवशी तिने स्वतः दिलं. सातव्या दिवशीच प्लेटलेट्सही तपासल्या, कारण या औषधाने क्वचित त्या धोकादायकरीत्या घसरतात. त्या ठीक होत्या.

वॉर्डातून घरी: गाडं इथे अडलं

आठव्या दिवशी डिस्चार्ज. चार आठवडे इंजेक्शन द्यायचं हे आमच्या चर्चेत पक्कं होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एनॉक्सॅकन-२ या अभ्यासात पोटाच्या कर्करोग शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये १२ टक्के, तर चार आठवडे घेतलेल्यांमध्ये ४.८ टक्के गुठळ्या आढळल्या होत्या, आणि रक्तस्राव लक्षणीय वाढला नव्हता. त्यावर आमचा निर्णय आधारलेला होता.

डिस्चार्ज कार्डावर मात्र छापील साच्यातून आलेली ओळ होती: ‘इंजेक्शन एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा, पुढील तपासणीपर्यंत.’ तपासणीची तारीख चौदाव्या दिवसाची. रुग्णालयाच्या मेडिकलने हिशोब करून सहा सिरिंज दिल्या. नियमाप्रमाणे हे सगळं बरोबर होतं. ‘२८ दिवस’ हा आकडा मात्र घरच्यांच्या हातात पडलेल्या कुठल्याच कागदावर नव्हता. घरी गोळी सुरू करता येईल का हा काकूंचा प्रश्नही तपासणीच्या दिवसावर ढकलला होता, कारण त्यांना अजून मळमळ होत होती.

चौदावा दिवस पालख्यांच्या पुण्यातल्या मुक्कामाचा निघाला. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या नाना पेठ, भवानी पेठेत विसावतात. मुक्काम हलला की दोन्ही पालख्या हडपसरवरूनच पुढे जातात, एक दिवे घाटातून सासवडला आणि दुसरी लोणी काळभोरकडे. त्या दिवसांत सोलापूर रस्ता वाहनांना बंद असतो हे पुण्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. घरच्यांनी फोन केला, ओपीडीतून चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. फोन घेणाऱ्याने इंजेक्शनबद्दल विचारण्याचं कारण नव्हतं, त्याच्यापुढे फक्त वेळापत्रक होतं.

सिरिंज संपल्या. सून जवळच्या मेडिकलमध्ये गेली. त्यांच्याकडे साठा नव्हता, आणि रस्ते मोकळे झाल्याशिवाय माल येणार नव्हता. कार्डावर ‘तपासणीपर्यंत’ लिहिलं होतं, तपासणीची मूळ तारीख होऊन गेली होती. घरच्यांनी अर्थ लावला की कोर्स पूर्ण झाला असावा. मी त्यांच्या जागी असतो तर हाच अर्थ लावला असता.

त्यातच घरी दिंडीचं जेवण होतं. दरवर्षी असतं. सून स्वयंपाकात, काका वारकऱ्यांच्या सेवेत. काकूंना पालखी बघायची होती, म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून दिली. सकाळपासून दुपारपर्यंत पाय लोंबकळत बसून होत्या. उठायला लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायल्या. एरवी त्यांना चालवायची ती सून त्या दिवशी चुलीपासून हलू शकली नाही.

सतराव्या दिवसाची रात्र

संध्याकाळी काकूंची डावी पोटरी ठणकायला लागली. काका म्हणाले, बसून बसून आखडली असेल, तेल लावून चोळूया. सुनेने चोळू दिलं नाही. वॉर्डात सिस्टरनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तिने शिवणाची टेप आणली आणि गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी तीन सेंटिमीटरने जाड भरली. तिने रुग्णालयात फोन लावला.

फोनवरच्या निवासी डॉक्टरने दम लागतो का, छातीत दुखतं का, खोकल्यातून रक्त येतं का, चक्कर येते का, हे विचारलं. सगळ्याला नाही असं उत्तर आलं. तरी तो म्हणाला, सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो. लक्षणं पायापुरती आहेत म्हणून थांबावं, असा मोह होतो. पण पायातली गुठळी फुप्फुसात जाताना आधी निरोप पाठवत नाही.

कॅज्युअल्टीत ऑक्सिजनची पातळी ९७, नाडी ८८. डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, सकाळीच होणार होता. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात वाढणारा घटक, तपासावं का, असं कुणीतरी सुचवलं. शस्त्रक्रियेनंतर आणि कर्करोगात ते वाढलेलंच असतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. खरा प्रश्न एवढाच होता की तपासणी होईपर्यंत उपचाराचा पूर्ण डोस द्यायचा का. संशय दाट होता, शस्त्रक्रियेला सतरा दिवस झाले होते, जखम कोरडी होती, हिमोग्लोबिन १०.१ होतं. सर्जनशी फोनवर बोलून वजनाप्रमाणे पूर्ण डोस रात्रीच दिला.

सकाळच्या डॉपलरमध्ये डाव्या पोटरीतल्या खोल शिरांमध्ये गुठळी दिसली. गुडघ्यामागची आणि मांडीची शीर मोकळी होती. छातीची लक्षणं नसल्याने फुप्फुसातली गुठळी शोधणारी सीटी अँजिओग्राफी केली नाही. मुलाने विचारलं, ‘पोटातल्या शिरेत ती जाळी बसवतात म्हणे, ती बसवायची का?’ रक्त पातळ करणारं औषध देताच येत नसेल तेव्हाच ती जाळी कामाची. इथे औषध देता येत होतं.

परिणाम

मळमळ थांबली होती, आतडं शाबूत होतं, एपिक्साबॅनशी भांडणारं कुठलंही दुसरं औषध चालू नव्हतं. म्हणून दोन दिवसांनी इंजेक्शनवरून गोळीवर नेलं: पहिला आठवडा १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे ५ मिलिग्रॅम दोनदा. किमान तीन महिने, आणि केमो चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा आढावा. काकूंनी ‘दुसरं काही निघत असेल तर बघा’ म्हटलं होतं, ते अशा वळणाने पूर्ण झालं.

उरलेली केमोथेरपी एक आठवडा उशिरा सुरू झाली. एपिक्साबॅनबरोबर रक्तस्राव वाढू नये म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घरातून काढून टाकायला सांगितल्या. केमोत प्लेटलेट्स खाली गेल्या तर गोळीचा डोस थांबवायचा की कमी करायचा, हे कोणाला विचारायचं त्याचा फोन क्रमांक सुनेच्या वहीत पहिल्या पानावर आहे. तीन महिन्यांनंतरच्या डॉपलरमध्ये शीर बऱ्यापैकी मोकळी झाली होती. पायाला संध्याकाळी थोडी सूज अजून येते.

वेगळं काय करता आलं असतं

तीन डोस चुकले म्हणून गुठळी झाली, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पूर्ण २८ दिवस औषध घेतलेल्यांनाही काही प्रमाणात गुठळ्या होतात. पण ज्या तीन दिवसांत औषध बंद, चालणं बंद आणि पाणी कमी असं एकत्र झालं, त्याच दिवसांत ती व्हावी, याकडे काणाडोळा करता येत नाही.

कार्डावर ‘तपासणीपर्यंत’ ऐवजी शेवटच्या इंजेक्शनची तारीख हवी होती. तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते. तारीख लिहिली असती तर तिला धक्का लागला नसता. आता त्या वॉर्डात कार्डावर शेवटची तारीख हाताने, मराठीत लिहितात आणि मेडिकल संपूर्ण कोर्सच्या सिरिंज एकदम देतं. खर्चाचा मुद्दा येतोच. एका सिरिंजला काहीशे रुपये पडतात आणि डिस्चार्जनंतरच्या औषधांचं बिल मेडिक्लेमकडून वेगळं मागावं लागतं. तेही डिस्चार्जच्या वेळीच समजावून सांगावं, नाहीतर माणसं परवडत नाही हे बोलून न दाखवता डोस गाळतात.

गोळीचा निर्णय तपासणीच्या दिवसावर ठेवण्याऐवजी एका फोनवर ठेवता आला असता. मळमळ दहाव्या-अकराव्या दिवशीच थांबली होती, हे सुनेने नंतर सांगितलं. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्या हडपसरच्या कुठल्याही दुकानात मिळाल्या असत्या आणि सिरिंजच्या साठ्यावर काही अडलं नसतं.

ओपीडीत तारीख बदलणाऱ्या माणसाला आता दोनच प्रश्न विचारायला सांगितले आहेत: रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे का, आणि किती शिल्लक आहेत. उत्तर अडखळलं तर फोन सिस्टरकडे द्यायचा.

राहिला घरातल्या माणसांचा प्रश्न. आम्ही एकट्या सुनेला शिकवलं, आणि ती कामात अडकली त्या दिवशी घरात दुसरं कुणी तयार नव्हतं. काकांनाही शिकवायला हवं होतं. पोटरी चोळायची नाही, खुर्चीत बसलं तर पाय पाटावर ठेवायचे, तासाभराने उठवायचं, तांब्या हाताशी ठेवायचा. डिस्चार्जच्या वेळी सणवार, लग्न, प्रवास काय येऊ घातलंय हे विचारणं आता आमच्या यादीत आहे. ज्येष्ठ-आषाढात हडपसर, लोणी, सासवडकडच्या रुग्णांना पालखीच्या तारखा बघूनच पुढची तपासणी देतो आणि त्या आठवड्याची औषधं आधीच घरी पोचलीत ना, याची फोनवर खात्री करून घेतो.